खण भरलेले, नाणी बदललेली: अमेरिकेच्या तांब्याच्या सेंटचे एक प्रकरण

न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्युमिझमॅटिक सोसायटी या नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या संस्थेच्या संग्रहातून तांब्याची १२९ नाणी चोरीला गेली, पण संग्रह मोजायला घेतला असता तर त्यात एकही नाणे कमी भरले नसते. ज्या खणात ज्या सालचे आणि ज्या उपप्रकाराचे, म्हणजे ठशांच्या ज्या जोडीने पाडलेले, नाणे असायला हवे होते, तिथे त्याच सालचे आणि त्याच उपप्रकाराचे नाणे होते. फक्त ते मूळ नाण्यापेक्षा हलक्या प्रतीचे होते. ही अदलाबदल करणारे डॉ. विल्यम एच. शेल्डन हे त्या काळी या नाण्यांचे सर्वांत मोठे जाणकार मानले जात, आणि नाण्याची प्रत १ ते ७० या अंकांत सांगण्याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत त्यांनीच घालून दिलेली आहे. संग्राहकांमध्ये हे प्रकरण बहुधा एका माणसाने केलेल्या विश्वासघाताची हकिगत म्हणून सांगितले जाते. माझ्या मते त्याचा अभ्यास प्रतवारीच्या अंगाने व्हायला हवा, कारण नाण्याची प्रत आणि नाण्याची ओळख या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली दुसरी नोंदवायची राहून गेली की काय घडू शकते, ते इथे जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल.

प्रकरण समजण्यासाठी आधी नाणे समजले पाहिजे. हा अमेरिकेचा मोठा सेंट, म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियात टांकसाळ उभी राहिली आणि मार्च १७९३ मध्ये तिथे पहिले ३६,१०३ सेंट पाडले गेले. दर्शनी बाजूवर मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी आणि मागच्या बाजूवर तेव्हाच्या पंधरा राज्यांची पंधरा कड्यांची साखळी, असे त्यांचे रूप होते. अगदी पहिल्या ठशावर तर देशाचे नावही पुरते न कोरता 'अमेरि.' असे तोडून कोरलेले आहे. स्वातंत्र्याच्या नाण्यावर साखळी असावी हे लोकांना रुचले नाही, आणि त्याच वर्षी साखळीच्या जागी पानांचे वेढे आले. वजन १३.४८ ग्रॅम, म्हणजे आपल्या दहा रुपयांच्या नाण्याच्या सुमारे पावणेदोन पट, आणि व्यास मात्र जवळपास तेवढाच. त्यामुळे हे नाणे तळहातावर घेतले की आधी त्याचा जडपणा जाणवतो. १७९५ च्या अखेरीस ते १०.८९ ग्रॅमवर आणले गेले आणि १८५७ मध्ये मोठा सेंट कायमचा बंद झाला. हा सेंट चालू होता त्या काळातच टांकसाळीने तांब्याच्या तयार चकत्या इंग्लंडमधून, बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टन यांच्याकडून मागवल्या. याच बोल्टन यांच्या सोहो टांकसाळीत १७९१ आणि १७९४ या सालांची मुंबई इलाख्याची, तराजूची छाप असलेली तांब्याची नाणी पाडली गेली होती, त्यामुळे जुनी नाणी जमवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना तो कारखाना अगदीच अनोळखी नाही.

संग्राहकाला या सेंटचे वेड लागते ते त्याच्या ठशांमुळे. ठसा हाताने तयार होई आणि त्यावर अक्षरे व अंक एकेक करून ठोकले जात, त्यामुळे एका ठशावर चार हा आकडा जरा कलंडलेला, दुसऱ्यावर सालातील अंक विरळ, तिसऱ्यावर केसांची बट निराळी, असे फरक पडत. ठसे लवकर तडकत, आणि तडा गेलेल्या ठशाने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तो तडा उंचवट्याच्या बारीक रेघेसारखा उतरे. ठशांची प्रत्येक वेगळी जोडी म्हणजे एक उपप्रकार. डॉ. एडवर्ड मॅरिस या वैद्यकाने १८६९ मध्येच १७९४ च्या सेंटचे उपप्रकार वेगळे करून त्यांना 'दुहेरी हनुवटी', 'वाकडा सात', 'पडलेला चार' अशी नावे दिली होती. त्याच १७९४ सालच्या एका उपप्रकारात मागच्या बाजूच्या कडेला, दातऱ्यांच्या मध्ये, ९४ अगदी चिमुकले तारे आहेत. ते पाडल्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे, १८७७ पर्यंत, कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

आता प्रतीकडे वळू. सोने पेटीत ठेवले की तसेच राहते. तांब्याचे तसे नाही. ते हवेने काळवंडते, घामाच्या बोटाने डागाळते, ओलीत राहिले की त्यावर हिरवा जंगाल चढतो आणि तो पृष्ठभाग कुरतडत जातो. आपल्याकडे तांब्याचे भांडे चिंचेने घासून लख्ख करण्याची रीत आहे, आणि जुन्या बाजारात शिवराईसुद्धा कितीदा तशी घासलेली मिळते. भांड्याला ते शोभते, पण नाण्याची मात्र त्याने कायमची हानी होते, कारण चिंचेच्या आंबटपणाने धातूचा वरचा अतिसूक्ष्म थर निघून जातो आणि खाली उरतो तो गुलाबी, निर्जीव, अनैसर्गिक रंग. म्हणून या सेंटची प्रत ठरवताना तज्ज्ञ दोन निराळे प्रश्न विचारतो. पहिला झिजेचा: देवीच्या कानावरचे केस, डोक्यावरची उंच बट आणि मागच्या बाजूच्या पानांच्या शिरा यांपैकी किती शाबूत आहे? दुसरा पृष्ठभागाचा: जंगाल, खड्डे, चरे, कडेवरचे ठोके, घासल्याच्या खुणा, रंग. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या 'अर्ली अमेरिकन कॉपर्स' या मंडळाच्या पद्धतीत तर आधी केवळ झिजेवरून अंक धरतात आणि मग दोषांसाठी त्यातून वजावट करतात, त्यामुळे रेखीवपणात ३० चे नाणे खड्ड्यांमुळे निव्वळ १५ वर उतरू शकते. किती वजा करायचे हे मात्र पाहणाऱ्याच्या नजरेवर असते, आणि दोन अनुभवी माणसे एकाच नाण्याला वेगवेगळे अंक देतात यात कोणालाही वावगे वाटत नाही.

शेल्डन यांचे काम नेमके या जागी येते. १८९८ मध्ये जन्मलेले शेल्डन पेशाने मानसशास्त्रज्ञ आणि डॉक्टर होते. माणसांच्या शरीराची ठेवण तीन अंकांत, प्रत्येक अंक १ ते ७ च्या दरम्यान, मांडणारी पद्धत ही त्यांच्या मूळ क्षेत्रातली ओळख. १९४९ साली त्यांनी १७९३ ते १८१४ या काळातील सेंटवर जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात प्रत्येक उपप्रकाराला क्रमांक दिला, प्रत्येक उपप्रकाराच्या ज्ञात नाण्यांपैकी सर्वोत्तम नाण्यांच्या प्रतींची यादी दिली आणि त्याबरोबर ७० अंकांची प्रतपट्टी दिली. जेमतेम ओळख पटेल इतके झिजलेले नाणे १. बरे ४ ते ६. त्याहून चांगले ७ ते १०. १२ आणि १५ वर 'उत्तम'. २० आणि ३० वर 'अतिउत्तम'. ४० आणि ५० वर जवळपास न झिजलेले. ६० पासून टांकसाळीतून निघाल्यासारखे. आणि ७० म्हणजे निर्दोष. हे अंक त्यांनी बाजारभावावरून घेतले होते. उपप्रकाराची मूळ किंमत घ्यायची आणि तिला प्रतीच्या अंकाने गुणायचे, की नाण्याचे मोल निघते. मूळ किंमत एक डॉलर असेल तर ८ अंकी नाणे आठ डॉलरचे आणि ६० अंकी नाणे साठ डॉलरचे. पुढे बाजारभाव या सूत्रातून लवकरच निसटले, पण पट्टी टिकली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन न्युमिझमॅटिक असोसिएशन या (सोसायटीहून निराळ्या) संग्राहकांच्या संघटनेने ती सर्व नाण्यांसाठी स्वीकारली, आणि १९८६ पासून नाणे प्लॅस्टिकच्या डबीत मोहोरबंद करून देणाऱ्या प्रतवारी कंपन्यांनी तिलाच आपला पाया केले.

या पट्टीने प्रतीला अंक आणि अंकाला थेट पैसा जोडला. म्हणजे एकाच उपप्रकाराचे १० अंकी नाणे ठेवून ४० अंकी नाणे उचलले तर ते करणाऱ्याला काय मिळाले आणि मालकाने काय गमावले, याचा हिशेब त्याच पुस्तकाच्या आधाराने मांडता येत होता. हा दोष पट्टीचा आहे असे माझे म्हणणे नाही. अशी पट्टी नसती तर आज दोन संग्राहकांना एकमेकांशी बोलायला समान भाषा उरली नसती.

ज्यांच्या नाण्यांवर ही वेळ आली ते जॉर्ज हबर्ड क्लॅप हे पिट्सबर्गचे उद्योजक. अ‍ॅल्युमिनियमचा धंदा उभा करणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी ते एक होते. शंख-शिंपल्यांचा त्यांचा अभ्यास होता आणि सेंटचाही तितकाच. १७९५ ते १८०० या सालांच्या उपप्रकारांवर त्यांनी स्वतः आणि सहकाऱ्यासोबत केलेले लेखन आजही संदर्भासाठी उघडले जाते. आयुष्यभर निवडून निवडून जमवलेला सेंटचा संग्रह त्यांनी १९४६ मध्ये सोसायटीला दिला आणि १९४९ मध्ये, शेल्डन यांचे पुस्तक आले त्याच वर्षी, ते वारले. अभ्यासकांना एका जागी, खात्रीचे नमुने पाहायला मिळावेत म्हणून माणूस आपला संग्रह विकत नाही, संस्थेला देऊन टाकतो, आणि त्याच संग्रहातली उत्तमोत्तम नाणी एका अभ्यासकाच्याच हातून निघून जातात, ही या प्रकरणातली मला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट आहे.

शेल्डन यांना तो संग्रह हाताळायला मिळत होता यात वावगे काहीच नव्हते. उपप्रकारांचे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाला नमुने पाहू द्यायचे नाहीत तर मग कोणाला द्यायचे? नाण्याचा अभ्यास काचेआडून होत नाही. ते हातात घेऊन, तिरप्या उजेडात फिरवून, भिंगाखाली कड तपासूनच होतो. अशा बैठकीत शेजारी स्वतःचे त्याच उपप्रकाराचे नाणे तुलनेसाठी मांडणेही नेहमीचेच. परत ठेवताना कोणते नाणे कोणत्या खणात गेले, एवढाच काय तो फरक.

हे उघड्यावर का आले नाही, याची कारणे नीट वेगळी करून पाहण्यासारखी आहेत. पहिले असे की अशा संग्रहाची पडताळणी बहुधा साल, उपप्रकार आणि संख्या यांवर होते, आणि या तिन्ही गोष्टी जुळत होत्या. वजनाचाही उपयोग मर्यादित होता. चकत्यांचे वजन मुळातच नेमके नसे आणि झिजेने ते आणखी कमी-जास्त होई, त्यामुळे वजनातला थोडा फरक कोणालाही नैसर्गिकच वाटला असता. दुसरे कारण अधिक खोलातले आहे. समजा एखाद्याच्या लक्षात आले असते की जुन्या टिपणात हे नाणे उत्तम म्हटले आहे आणि समोरचे तर मध्यम दिसते, तरी त्याने चोरीचा संशय घेण्याआधी दुसराच विचार केला असता: त्या काळचे मापदंड सैल असतील, टिपण करणाऱ्याची नजर उदार असेल, तांबे इतक्या वर्षांत काळवंडले असेल. प्रतवारीचे निकष काळाबरोबर सरकतात हे प्रत्येक संग्राहकाला ठाऊक असते, त्यामुळे प्रतीतील तफावत हा पुरावा न ठरता मतभेद ठरतो. आणि असा मतभेद पुढे आणून तो निकाली कोण काढणार? त्या काळी या नाण्यांबाबत शेवटचा शब्द शेल्डन यांचाच धरला जाई.

१९७२ मध्ये शेल्डन यांनी आपला सेंटचा संग्रह कॅलिफोर्नियातील रॉय नाफ्टझगर या नामांकित संग्राहकाला विकला, आणि १९७७ मध्ये ते वारले. नाफ्टझगर यांनी रीतसर पैसे मोजून, त्या विषयातल्या सर्वांत वजनदार माणसाकडून नाणी घेतली होती. ही नाणी पुढे आणखीही हातांत गेली. उलगडा झाला तो १९९० च्या सुमारास, आणि तो झाला छायाचित्रांमुळे. क्लॅप यांची नाणी सोसायटीकडे जाण्याआधीच्या काळातली छायाचित्रे आणि जुन्या लिलावांच्या पुस्तकांतील चित्रे उपलब्ध होती. उत्तम प्रतीच्या सेंटचा माग काढणाऱ्या जाणकारांनी ती चित्रे, सोसायटीच्या खणांतील नाणी आणि शेल्डन यांच्याकडून निघालेली नाणी एकमेकांशेजारी ठेवली, तेव्हा चित्रातले नाणे खणात नव्हते आणि बाहेरच्या संग्रहात होते, असे एकेक करून दिसू लागले.

ही जुळवणी कशी होते हे थोडे जवळून पाहू. ठशामुळे आलेल्या खुणा उपप्रकारातील प्रत्येक नाण्यावर असतात. तडा, कलंडलेला आकडा, दोन ठसे एकमेकांवर आपटून उमटलेली अस्पष्ट छाया या गोष्टी ओळखीसाठी निरुपयोगी, कारण बदली ठेवलेल्या नाण्यावरही त्या असणारच. उपयोगी पडतात त्या नाणे ठशातून सुटल्यानंतरच्या किंवा चकतीतच मुळात असलेल्या खुणा: गालावर तिरपा गेलेला केसाएवढा चरा, सालाच्या अंकाशेजारचा टाचणीच्या टोकाएवढा खड्डा, कडेवर विशिष्ट अक्षरासमोर बसलेला ठोका, चकतीच्या तांब्यातच राहून गेलेली फट, आणि छाप नाण्याच्या मध्यापासून नेमकी किती व कोणत्या बाजूला सरकली आहे ते. झीज वाढू शकते, रंग गडद होऊ शकतो, नवा चरा पडू शकतो. पण पडलेला खड्डा पुन्हा भरत नाही आणि सरकलेली छाप मध्यावर येत नाही. म्हणून जुन्या चित्रात असलेला खड्डा आजच्या नाण्यावर नसेल तर ते नाणे निश्चित निराळे, आणि पाच-सहा अशा खुणा जागच्या जागी जुळल्या तर ते नाणे तेच. इथे कोणाच्या नजरेचा, उदारपणाचा किंवा कालमानाचा प्रश्नच उरत नाही. प्रतीबद्दल शंभर वर्षे वाद घालता येईल अशाच नाण्याची ओळख एका चांगल्या चित्राने एका बैठकीत पटते.

सोसायटी आणि नाफ्टझगर यांच्यातला न्यायालयातला वाद मुख्यतः मुदतीचा झाला. चोराला मालकी नसते, म्हणून त्याच्याकडून प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्यालाही ती मिळत नाही, हे तत्त्व सर्वपरिचित आहे. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम २७ मागे हेच तत्त्व आहे. पण कॅलिफोर्नियात अशी वस्तू परत मागण्याची मुदत तीन वर्षांची, आणि ती कोणत्या दिवसापासून मोजायची हा कळीचा मुद्दा होता. चोरीच्या दिवसापासून मोजली तर सोसायटीला काही कळण्याच्या कितीतरी आधी तिचा हक्क संपलेला होता, आणि खालच्या न्यायालयाने निकाल दिला तो नाफ्टझगर यांच्या बाजूने, याच आधारावर. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने १९९६ मध्ये 'नाफ्टझगर विरुद्ध अमेरिकन न्युमिझमॅटिक सोसायटी' या निकालात ते उलटवले आणि वस्तू कोणाकडे आहे हे मालकाला कळल्यापासून मुदत सुरू होते, असे ठरवले. आपल्या १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६८ मध्ये चोरीच्या जंगम वस्तूसाठी जवळजवळ हाच नियम सरळ शब्दांत लिहिलेला आहे: तीन वर्षे, आणि ती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हे हक्कदाराला प्रथम कळल्यापासून. पुढे सोसायटीचा हक्क मान्य झाला आणि नाणी परत येऊ लागली.

मला हा निकाल योग्य वाटतो, आणि तरीही नाफ्टझगर यांची बाजू सोपी नव्हती हे म्हणायलाच हवे. नाणे घेताना ज्या कोणाकडे जाऊन 'हे खरे आहे का, कुठून आले' असे विचारायचे, तोच माणूस समोर बसून विकत होता. त्यांनी तपास केला नाही असे म्हणणे मला पटत नाही. तपासाचे जे एकमेव साधन कामाला आले असते ती जुनी छायाचित्रे, आणि ती चोरी झालेल्या नाण्यांशी पडताळून पाहण्याचे कारण तेव्हा कोणाजवळच नव्हते.

नाण्यांच्या मागच्या वाटचालीची नोंद, म्हणजे कोणत्या साली कोणत्या लिलावात, कोणत्या चित्रासह, कोणाकडून कोणाकडे, ही या सेंटच्या संग्राहकांमध्ये प्रतीइतकीच काटेकोरपणे ठेवली जाते, आणि मोठ्या लिलावांच्या वर्णनात ती अर्धे पानसुद्धा व्यापते. आपल्याकडे शिवराई किंवा मुंबई इलाख्याचे तांबे जमवणाऱ्यांना यातून एक गोष्ट आजच करता येण्यासारखी आहे, आणि तिला खर्चही नाही. प्रत्येक नाण्याची दोन्ही बाजूंची, एकाच अंतरावरून आणि तिरप्या उजेडात घेतलेली छायाचित्रे काढावीत, त्यांना वजन व व्यासासह क्रमांक द्यावा, आणि टिपणात 'सुस्थितीतील' असे मोघम न लिहिता त्या नाण्याच्या दोन-तीन न बदलणाऱ्या खुणा लिहाव्यात: 'छत्रपति' मधील 'ति' च्या खाली खड्डा, कड अमुक जागी चेपलेली, अक्षरांची वरची ओळ चकतीच्या बाहेर. संस्थेला संग्रह देताना हेच टिपण आणि चित्रे नाण्यांबरोबर द्यावीत आणि त्यांची एक प्रत देणाऱ्याच्या घरीही राहू द्यावी.

सोसायटीच्या १२९ पैकी सगळी नाणी एकदम परत आली नाहीत. काही तडजोडीने, काही निकालाने, काही नव्या मालकाला चित्र दाखवल्यावर आली, आणि उरलेल्यांचा शोध पुढेही बरीच वर्षे चालू राहिला. जुने चित्र ज्या नाण्याचे आहे ते नाणे कुठल्यातरी लिलावात पुन्हा पुढे येईल, या आशेवर तो शोध चालतो.